थ्रेडेड स्पिंडलचा चक सुटून बेडवर पडला. लेथ विकू की चक वेल्ड करून टाकू?

गाळा_नऊ | सोमवार, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदा लिहितोय. डोकं फिरलंय म्हणून लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आमचा छोटा गाळा आहे. आधी वागळे इस्टेटला भाड्याने होतो, भाडं परवडेना म्हणून गणपतीच्या आठवड्यात रबाळे एमआयडीसीत शिफ्ट झालो. काम बाबांनी सुरू केलेलं, आता मी बघतो. पिना, बुश, छोटे शाफ्ट असलं काम. साडेपाच फुटी सेकंडहँड लेथ आहे, स्पिंडल थ्रेडेड, म्हणजे जॉब पकडणारा चक फिरत्या दांड्यावर आट्यांनीच चढतो. २०० मिलीमीटरचा तीन जबड्यांचा थ्री जॉ चक आणि त्याच मापाचा फोर जॉ. बाकी एक पिलर ड्रिल, एक ग्राइंडर, बस.

आज सकाळी फोर जॉचं काम संपवून थ्री जॉ चढवला, हाताने फिरवत नेला, घट्ट बसला असं वाटलं. ६० मिलीमीटर व्यासाचा एमएसचा (साध्या पोलादाचा) तुकडा पकडला आणि मी बिल लिहायला टेबलाकडे वळलो. हेल्परने लिव्हर टाकली. मशीनचा आवाज वेगळा आला म्हणून मान वळवली तर चक आणि हेडस्टॉकच्या (स्पिंडल बसवलेल्या डोक्याच्या) मधे स्पिंडलचे चकचकीत आटे दिसायला लागलेले, एक, दोन, तीन असे उघडे पडत चालले होते आणि मी ओरडेपर्यंत चक जॉबसकट धाडकन बेडवर. तिथून कलंडून चिप ट्रेमध्ये. आवाज असा आला की बाजूचा पावडर कोटिंगवाला धावत आला. पोरगा दोन पावलं मागे होता म्हणून वाचला, नाहीतर पायच गेला असता. बेडच्या पुढच्या व्हीवर (टूलचा कॅरेज ज्यावर सरकतो तो रूळ) नखाएवढी खोक पडलीय.

पोरगा चार वर्षं आमच्याकडे आहे, गणपतीला कणकवलीला गेला होता, आजच कामावर आला. म्हणतो मी नेहमीसारखीच लिव्हर टाकली. बाबा म्हणतात बॅकप्लेटला, म्हणजे चकच्या मागच्या आटेवाल्या तबकडीला, दोन टाके वेल्डिंग मार, विषय संपला. मला वाटतं थ्रेडेडचं झंझटच नको, विकून कॅमलॉकवालं (चक आट्यांऐवजी कॅमने अडकतो तसं) मशीन घ्यावं, पण पैसे कुठून आणायचे. तसंही हे मशीन आता थकलंच आहे, शिफ्ट केल्यापासून कूलंटचा पंपसुद्धा धड पाणी फेकत नाही, नुसती धार गळते. काय करू?

---

वाकडी_चावी | सोमवार, रात्री ११:३०

आधी त्या पोराला उद्या सकाळी एक कडक चहा पाज. हात थरथरत असतील त्याचे, आणि तुझेही.

वेल्डिंग अजिबात करू नको रे बाबा. उद्या फोर जॉ लावायचा तर काय ग्राइंडरने कापणार? शिवाय अर्थिंग कुठेतरी भलतीकडे लावून वेल्डिंग मारलं की करंट स्पिंडलच्या बेअरिंगमधून जातो आणि बेअरिंगची वाट लागते. बाबांना माझा नमस्कार सांग आणि सांग की कळव्याचा एक म्हातारा नको म्हणतोय.

थ्रेडेड स्पिंडल वाईट नसतं. मी ठाणे-बेलापूर रोडला एका कंपनीत तेहतीस वर्षं टर्नर होतो, त्यातली पहिली बारा वर्षं थ्रेडेडवरच गेली. त्याचं लॉजिक समजून घे. आटे उजवे असतात. मशीन सरळ फिरतं, म्हणजे चकचा वरचा भाग आपल्याकडे येतो, तेव्हा कट जितका जोरात तितका चक आणखी आवळत जातो. उलटं फिरवलंस की तेच आटे त्याला बाहेर ढकलतात. २०० चा चक बॅकप्लेटसकट पंधरा-वीस किलोचा धोंडा, स्पिंडलने झटका दिला तरी तो जागचा हलायला तयार नसतो, आणि तू तो नुसता हाताने घट्ट केलेला. म्हणजे स्पिंडल फिरलं आणि चक मागे राहिला, बोल्टवरून नट उतरावा तसा उतरला. माझा अंदाज, पोराच्या हातून रिव्हर्स पडली. विचार त्याला, पण रागावून नको, नाहीतर खरं सांगणार नाही.

आता चढवायचं कसं ते सांगतो, कारण ‘घट्ट बसला असं वाटलं’ हे वाक्य मला बोचलं. मेन स्विच बंद. बेडवर चकच्या खाली लाकडाची फळी, आम्ही तर चकच्या गोलाईची खोबण कोरलेला ठोकळाच केला होता, चक त्यात ठेवायचा आणि नुसता पुढे सरकवायचा, मग कंबर पण वाचते, बोटं पण आणि बेड पण. तुझ्या बेडला खोक पडली ती फळी असती तर पडली नसती असं नाही म्हणत, पण चढवताना हात सुटून असल्या खोका पडतात त्या तरी टळतात. मग स्पिंडलचे आटे ब्रशने साफ, बॅकप्लेटच्या आतले आटे तारेचा आकडा करून साफ. आटा संपून पुढे खांदा लागतो तिथे बॅकप्लेट टेकते, ती जागा बोट फिरवून बघ. तिथे केसाएवढी चिप राहिली तरी चक पूर्ण बसत नाही, जॉब डगडगतो आणि चक अर्धवट लटकलेला राहतो. एक थेंब तेल, बस, ग्रीस थापू नको, ग्रीस चिपा गोळा करतं. हाताने फिरवत ने आणि शेवटच्या पाव फेऱ्याला झटका देऊन बसव. ‘टक्’ असा एक आवाज येतो, लोखंडावर लोखंड टेकल्याचा. मग बॅकप्लेट आणि खांद्याच्या फटीत कागद घालून बघ, शिरला तर काढ आणि पुन्हा साफ कर. आणि मशीन चालू करून चक चढवायचा किंवा उतरवायचा शहाणपणा जन्मात करू नको, मी करणारे बघितलेत, त्यातल्या एकाची दोन बोटं गेली.

माझ्या नावाचं म्हणाल तर १९८६ साली जॉब आवळला, चक आवळायची चावी चकमध्येच राहिली, फोरमनने हाक मारली, मी त्याच्याकडे बघत बघत लिव्हर टाकली. चावी अर्धा फेरा फिरली, बेडवर आपटली आणि तिचा दांडा वाकून ती माझ्या नडगीवर. सहा टाके. ती चावी अजून घरी आहे. बायको दर दिवाळीला म्हणते भंगारात द्या. मी दर खंडेनवमीला पाटावर ठेवून हळदकुंकू वाहतो.

---

शेठ_रोड२२ | मंगळवार, सकाळी ९:१५

काका राग मानू नका पण एवढं घाबरवायची गरज नाही. मी वीस वर्षं रिव्हर्सनेच मशीन थांबवतोय. जॉब झाला की लिव्हर उलटी टाकायची, चक जागच्या जागी उभा. दिवसाला दोनशे पीस काढायचे असतात, चक आपोआप थांबायची वाट बघत बसलो तर झालं धंद्याचं. आणि रिव्हर्स टाकायचीच नाही म्हणता तर आटे कसे पाडता? इंची लीडस्क्रूवर (कॅरेज ओढणारा लांब स्क्रू) मिलीमीटरचा पिच काढायचा तर हाफ नट (कॅरेज त्या स्क्रूला जोडणारा नट) उघडताच येत नाही, उघडला की लाईन चुकली. रिव्हर्स मारूनच कॅरेज मागे आणावा लागतो. सगळे करतात.

---

वाकडी_चावी | मंगळवार, सकाळी १०:०५

शेठ, आट्याचं म्हणणं शंभर टक्के बरोबर, तिथे रिव्हर्सला पर्याय नाही. पण आटे आपण कुठल्या स्पीडला पाडतो? बॅकगिअर टाकून, चाळीस-पन्नास आरपीएमला. टूल मागे घेतो, चक थांबू देतो, मग उलटा फिरवतो. आणि तोपर्यंत आधीच्या कटांनी चक चांगला आवळलेला असतो. सहाशेवर गरगरणाऱ्या चकला लिव्हर उलटी मारून उभं करणं हे वेगळं. तिथे मोटर स्पिंडलला अडवते पण चकला कोण अडवणार, तो आपल्या जोरात पुढे जायला बघतो, म्हणजे आट्यावरून सुटायला बघतो. तुमचं मशीन कॅमलॉक किंवा फ्लँजवालं असेल म्हणून वीस वर्षं निघाली. आहे ना?

---

शेठ_रोड२२ | मंगळवार, सकाळी १०:२०

हो, कॅमलॉक आहे.

---

वाकडी_चावी | मंगळवार, सकाळी १०:२२

मग बरोबर. तरी मोटर आणि कॉन्टॅक्टर (मोटरला वीज जोडणारा स्विच) लवकर जाळाल, पण ते तुमचे पैसे.

---

फेज_न्यूट्रल | मंगळवार, दुपारी १:४०

जेवणाच्या सुट्टीत वाचतोय, घणसोलीला पॅनेल वायरिंगचं काम करतो. टर्निंगमधलं मला ओ की ठो कळत नाही पण भावा तुझ्या पोस्टमधली एक ओळ वाचून घास हातातच राहिला.

कूलंटचा पंप शिफ्ट केल्यापासून पाणी फेकत नाही म्हणालास. आधी फेकत होता ना? असले पंप सेंट्रीफ्यूगल असतात, त्यांना उलटं फिरवलं तरी थोडं पाणी येतं, अजिबात बंद पडत नाहीत, पण जोर राहत नाही. म्हणून लोक म्हणतात पंप म्हातारा झाला. मला वाटतं पंप म्हातारा नाही, पंप उलटा फिरतोय. आणि पंप उलटा तर मोटरही उलटी.

थ्री फेजमध्ये तीनपैकी कुठल्याही दोन वायरी अदलाबदल झाल्या की मोटरची दिशा बदलते. जागा बदलली, केबल सोडली, नव्या जागी वायरमनने जोडली, आर वाय बी, म्हणजे तीन फेजच्या वायरींचा क्रम चुकला. रोज होतं हे. तू एवढंच सांग, नव्या जागी आल्यावर लिव्हर कुठल्या बाजूला टाकली की मशीन सरळ फिरतं? पूर्वी जिकडे टाकत होता तिकडेच?

आणि ग्राइंडर थ्री फेज असेल तर आत्ता बंद कर, उद्या नाही आत्ता. दगडाच्या नटाचे आटे दिशा बघून पाडलेले असतात, डावीकडचा डावा, उजवीकडचा उजवा, उलटं फिरवलं की नट सुटायला लागतो. ठिणग्या खाली न जाता वर तोंडाकडे येत असतील तर समज.

---

गाळा_नऊ | मंगळवार, दुपारी २:०८

दादा. आत्ता हे वाचून पोटात गोळा आला.

शिफ्ट झाल्यावर पहिल्या दिवशीच लक्षात आलं होतं की लिव्हर उलटी झालीय. आधी वर उचलली की सरळ, खाली दाबली की रिव्हर्स. आता खाली दाबली की सरळ. वायरमनला फोन केला तर तो म्हणाला, ‘तुम्हाला काय फरक पडतो, खाली दाबा की.’ मला घाई होती, ऑर्डर अडकली होती, दोन दिवसात हाताला सवय झाली आणि विसरून गेलो. पोस्टमध्ये लिहायचंसुद्धा सुचलं नाही.

आणि पोरगा त्या वेळी गावाला होता. त्याला कुणी सांगितलंच नाही. तो चार वर्षं जे करत आला तेच त्याने काल केलं, लिव्हर वर उचलली. मशीनच्या पट्टीवर बाणपण वरच दाखवतोय. म्हणजे त्याचं काहीच चुकलं नाही आणि मी काल त्याला नको ते बोललो.

ग्राइंडर सिंगल फेज आहे, ठिणग्या खाली जातात, आत्ताच बघितलं. पिलर ड्रिल थ्री फेज आहे पण ते बरोबर फिरतंय, उलटं असतं तर भोकच पडलं नसतं.

---

फेज_न्यूट्रल | मंगळवार, दुपारी २:२५

ड्रिल बरोबर म्हणजे गाळ्याची मेन लाईन बरोबर आहे, चूक फक्त लेथच्या केबलला आहे. मेनला हात लावायचाच नाही, नाहीतर ड्रिल उलटं होईल. लेथच्या आयसोलेटरला (फक्त लेथची लाईन तोडणारा स्विच) जी केबल येते तिथले दोन फेज बदलायचे. तिथे बदलले की मोटर, पंप, लिव्हर सगळं एका झटक्यात सरळ. मोटरच्या टर्मिनलवर बदलू नको, तिथे बदललंस तर मोटर सुधारेल आणि पंप उलटाच राहील.

हे काम स्वतः करू नको. लायसनवाला वायरमन बोलव, आणि तोच नको. काम झाल्यावर चक काढून मोकळं स्पिंडल फिरवून दिशा बघ, चक चढवून नाही.

अजून एक विचारतो. तुझी लिव्हर म्हणजे थेट ड्रम स्विच आहे का? जिकडे टाकली तिकडे अडकून राहते असा?

---

गाळा_नऊ | मंगळवार, दुपारी २:३१

हो तसाच आहे, खटका पडतो आणि तिथेच राहते. त्याचं काय?

---

फेज_न्यूट्रल | मंगळवार, रात्री ८:५०

त्याचं असं की लाईट गेली तर मशीन थांबतं पण स्विच चालूच राहतो. पावसाळ्यात आपल्या पट्ट्यात लाईट जाते-येते हे तुला सांगायला नको. मशीन थांबलं, माणूस म्हणतो चला तेवढ्यात जॉब मोजू, चावी लावतो चकला, जॉ सैल करतो, आणि लाईट येते. तेव्हा लिव्हरला कुणी हात लावलेला नसतो. मशीन आपलं आपण सुरू, चावी चकमध्ये, हात चावीवर. वरच्या काकांच्या नडगीचं झालं ते लिव्हर टाकून झालं, हे लिव्हर न टाकता होतं.

उपाय फार महाग नाही. ड्रम स्विचच्या आधी एक कॉन्टॅक्टरवाला स्टार्टर बसव, हिरवं-लाल बटणवाला. लाईट गेली की कॉन्टॅक्टर पडतो, लाईट आली तरी हिरवं बटण दाबल्याशिवाय उचलत नाही. ओव्हरलोड रिलेपण त्यातच येतो, एक फेज उडाला तर मोटर जळायची वाचते. बरोबर मशरूम डोक्याचा इमर्जन्सी स्टॉप लाव, गुडघ्याने दाबता येईल असा. दोन्ही हात अडकलेले असतात तेव्हा गुडघाच कामाला येतो.

आणि तोपर्यंत लाईट गेली की पहिलं काम लिव्हर मधे आणणं. जॉब नंतर मोज.

---

वर्कशॉप_ताई | बुधवार, सकाळी ७:२०

मी आयटीआयला टर्नर ट्रेड शिकवते, बस यायच्या आधी लिहून टाकते. वर सगळ्यांनी छान सांगितलंय, मी फक्त राहिलेलं सांगते.

आमच्याकडे पहिल्या आठवड्यात पोरांना एकच गोष्ट घोटून शिकवतो. चावी चकमध्ये आहे तोवर हात चावीवर, हात निघाला की चावीपण निघाली, तिसरी गोष्ट नाही. हेडस्टॉकवर चावीची जागा रंगवून ठेवलीय, चावीच्या आकाराची पिवळी बाह्यरेषा, आत लाल. चावी जागेवर नसेल तर लांबूनसुद्धा लाल दिसतं. तुम्ही पण करा, थोड्याशा पेंटमध्ये होतं. चावीच्या टोकाला स्प्रिंग लावलेली पण मिळते, हात सोडला की ती आपोआप बाहेर उडी मारते, पण स्प्रिंग काही दिवसांनी मेली की पोरं लक्ष देत नाहीत, म्हणून मी स्प्रिंगपेक्षा सवयीवर भर देते.

लिव्हर टाकायच्या आधी चक हाताने एक पूर्ण फेरा फिरवा. जॉ टूल पोस्टला घासतोय का, कॅरेजवर आपटतोय का, ते तेव्हाच कळतं. जॉवर १, २, ३ नंबर असतात, त्याच क्रमाने घाला, नाहीतर जॉब मध्यात येणारच नाही. आणि मोठा व्यास पकडायला जॉ फार बाहेर काढू नका, आतल्या स्क्रोलचे (जॉ सरकवणाऱ्या चक्राचे) दोन-तीन दातेच पकडीत राहिले तर जॉ निसटतो, तिथे उलटे जॉ लावायचे. स्पीडचं म्हणाल तर ६० च्या एमएसला एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूलने साधारण ३० मीटर मिनिटाला धरा, १००० गुणिले ३० भागिले ३.१४ गुणिले ६०, म्हणजे १६० च्या आसपास आरपीएम. कार्बाइड असेल तर चारशेही चालतं. पण नवीन सेटिंगला पहिली सुरुवात कमी स्पीडलाच, चकला काही झालं तर तो हळू होतो.

शाफ्टचं काम करता म्हणालात म्हणून विचारते, लांब बार स्पिंडलच्या भोकातून मागे बाहेर काढून चालवता का? हेडस्टॉकच्या मागे वितभर मोकळा बार राहिला आणि स्पीड वाढवला की तो वाकतो आणि चाबकासारखा फिरतो. १९४८ च्या फॅक्टरी अ‍ॅक्टमध्ये कलम २१ मध्ये लेथच्या हेडस्टॉकमागे बाहेर येणाऱ्या बारला कुंपण घाला असं नाव घेऊन लिहिलं होतं, म्हणजे त्या काळातही किती जणांना लागलं असेल. पुढे जॉब व्यासाच्या तीन-चार पटींपेक्षा जास्त लांब असेल तर टेलस्टॉकचा (बेडच्या दुसऱ्या टोकाच्या ठोकळ्याचा) आधार द्या.

हातमोजे नाहीत. चालू लेथवर हातमोजे म्हणजे चकला धरायला दिलेलं कापड. हे मी पोरांपेक्षा त्यांच्या आईवडिलांना जास्त समजावते, ते बिचारे कौतुकाने मोजे विकत घेऊन देतात. फुल शर्टाची बाही दुमडून, गळ्यातला गंडा आत, आमच्या मुलींची वेणी टोपीच्या आत. लांब गुंडाळी चिप निघाली तर मशीन थांबवून आकड्याने ओढा. आणि पॉलिश पेपर हाताने गुंडाळून जॉबवर धरायचा नाही, लाकडाच्या पट्टीवर लावून धरा.

बस आली.

---

गाळा_नऊ | बुधवार, रात्री ९:१०

ताई, मागचा बार. हो, चालवतो. एक फुटाचा बाहेर असतो. उद्याच पाईपचं गार्ड करतो.

---

शेठ_रोड२२ | बुधवार, रात्री ९:४५

ताईंचं पॉलिश पेपरचं वाचून माझ्या पोराला आत्ताच ओरडलो. तो कालच करत होता. तो म्हणतो बाबा तुम्हीच शिकवलंत.

---

गाळा_नऊ | पुढचा रविवार, संध्याकाळी ६:३०

अपडेट देतो, कारण इथे लोक विचारून गायब होतात आणि मलाच ते आवडत नाही.

शुक्रवारी एमआयडीसीला सुट्टी म्हणून निवांत दुसरा वायरमन बोलावला. त्याने आयसोलेटर उघडला, दोन फेज बदलले, पाच मिनिटांचं काम. चक काढून मोकळं स्पिंडल फिरवून बघितलं, लिव्हर वर, स्पिंडल सरळ. आणि कूलंटचा पंप चालू केला तर पाणी नळीतून असं उसळलं की मी, वायरमन आणि बाबा तिघेही भिजलो. नवा पंप घ्यायला निघालो होतो मी. स्टार्टरची ऑर्डर दिलीय, मंगळवारी बसेल.

मग चक उलटा करून बॅकप्लेट साफ केली. काकांनी सांगितलं तसा तारेचा आकडा करून आटे खरवडले तर आतून काळ्या ग्रीसमध्ये मळलेल्या चिपांचा लाडूच निघाला, सुपारीएवढा. आणि खांद्याच्या जागेवर खरंच एक चिप दाबून बसलेली, तिचा ठसापण उमटलाय. म्हणजे सोमवारी चक पूर्ण बसलाच नव्हता. बॅकप्लेटच्या कडेला दोन आट्याची भोकं पण सापडली, तीपण बुजलेली. बाबांना विचारलं तर म्हणाले अरे हो, त्यात लॉक स्क्रू असतात, पुढे पितळेचा तुकडा असतो म्हणजे स्पिंडलचे आटे खराब होत नाहीत, आपलं मशीन घेतलं तेव्हाच नव्हते म्हणून कधी लावले नाहीत. आता पितळेचे दोन तुकडे टर्न करून घातलेत. वेल्डिंगचा विषय बाबांनी स्वतःच मागे घेतला, मी काही बोललो नाही.

बेडची खोक बारीक ऑइलस्टोनने फक्त वर आलेली कड घासून काढली, खड्डा भरायच्या भानगडीत पडलो नाही. कॅरेज वरून सरळ जातो.

सुताराकडून २०० च्या गोलाईचा सागाचा ठोकळा करून घेतला. चावीची पिवळी-लाल जागा पोराने रंगवली, त्याने हौसेने चावीच्या बाजूला ॐ पण काढलाय. त्याला सॉरी म्हटलं. तो म्हणाला, ‘शेठ, मला वाटलं मी गावावरून येताना डोकंच विसरून आलो.’

काका, खंडेनवमीला मशीनची पूजा आहे गाळ्यात. कळव्यावरून रबाळे काही लांब नाही. या, आणि येताना ती वाकडी चावी घेऊन या, पोराला दाखवायचीय.

---

वाकडी_चावी | पुढचा रविवार, संध्याकाळी ७:०२

येतो. बायको म्हणते चावी तिकडेच ठेवून या.